पट्ट्याची गाढवीण

आमच्यात, म्हणजे कांगारूंच्या या भूमीच्या मूळच्या लोकांत, माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत, निदान काही वर्षं तरी. म्हणून माझ्या आत्याला मी नंगला म्हणणार आहे. ते तिच्या कुळाचं नाव. तिच्या सगळ्या बहिणी नंगला आणि तिचे भाऊ, म्हणजे माझे वडील आणि काका, जंगला. मुलांना बापाचं नाही, पुढचं कूळ लागतं, म्हणून मी आणि माझा भाऊ ऑब्री पुढच्या कुळातले, त्यात मी नम्पिजिन. पण आम्हाला वाढवलं तिनंच. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा गुरं हाकायचा, तो घोड्यावरून पडून गेला, तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

लोक तिला हसायचे ते गाढवांवरून. रोझी तर हसायचीच. रोझी तिच्या शेजारी राहायची, वयानं तिच्याएवढीच, जिभेला हाड नाही. "नंगलाला नवरा गेल्याचं दुःख झालं नाही," ती म्हणायची, "एखादं गाढव मेलं असतं तर बघायला हवं होतं!" नंगला चिडायची नाही. म्हणायची, "नवरा हाक मारल्यावर यायचा का? गाढव येतं."

आणि खरंच यायचं. तिच्याकडे एक हाक होती. शब्द नव्हते त्यात. घशाच्या तळातून काढलेला एक लांब, खोल आवाज, शेवटाला थोडा वर चढणारा. ती तिच्या वडिलांकडून शिकली होती.

तिचे वडील, माझे आजोबा, गोऱ्या मालकाच्या कुरणावर गाढवांचा गाडा हाकायचे. लोकर भरून बंदरावर न्यायची, येताना पीठ, साखर, चहा, काटेरी तार आणायची. कुरण इतकं मोठं की एका टोकाला पाऊस पडला तर दुसऱ्या टोकाला महिनाभर कळायचं नाही. आधी गाड्याला घोडे असायचे. पण आमच्या इथे नदीकाठी खुळखुळा माजतो. शेंगा वाळल्या की वाऱ्यानं वाजत राहतात, आपल्या मागून कुणीतरी हळूच चालत असल्यासारख्या. घोड्यांनी तो पाला खाल्ला की त्यांना चालण्याचा रोग लागायचा. घोडा चालायला लागला की थांबायचाच नाही. समोर कुंपण आलं तर कुंपणातून, झाड आलं तर झाडाला कपाळ टेकून तिथल्या तिथं पाय टाकत राहायचा, खूर झिजेपर्यंत.

नंगला लहान असताना मॅनेजरच्या बायकोची पांढरी घोडी अशीच निघाली. दुपारची वेळ होती. नंगला स्वयंपाकघराच्या मागे भांडी घासत बसली होती. घोडी अंगणातून सरळ आली, वाळत घातलेल्या चादरींमधून गेली आणि एक चादर डोक्यावर घेऊनच पुढे चालू लागली. तोंड झाकलेलं, पाय मात्र एका लयीत. मॅनेजरची बायको दारातून ओरडली. नंगला हाक मारायला उठली, तर आजोबांनी तिचा दंड धरला.

"नको. ती ऐकायच्या पलीकडं गेलीय. आता हाक मारलीस तर हाक तिच्याबरोबर जाईल."

सगळे उभे राहून बघत राहिले. घोडी नदीच्या कड्यापर्यंत गेली, आणि मग कड्यावर फक्त आभाळ राहिलं. कुंपणापलीकडे गाढवं उभी होती. तीही बघत होती. त्यांना हा रोग लागत नसे, म्हणूनच तर गोऱ्यांनी ती जहाजात घालून आणली होती.

आजोबा गाढवांबद्दल म्हणायचे, "ही आपल्या भूमीची नाहीत. कांगारूचं गाणं आहे, घोरपडीचं आहे, पाण्यातल्या सापाचं आहे. यांचं गाणं कुणी गायलेलं नाही. पण बघ, पाय किती जपून टाकतात. पाहुण्यानं टाकावेत तसे."

मग मोटार-ट्रक आला. गाडा बंद पडला आणि मॅनेजरनं गाढवं सोडून द्यायला सांगितली. आजोबांनी साज काढला, पाठीवर थाप मारून एकेकाला रानाकडे लावून दिलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा सगळी गाड्यापाशी हजर. नुसती हजर नाही, आपापल्या जागी. पुढची जोडी पुढे, मधल्या मधे, दांडीजवळची दांडीजवळ. अंगावर ना पट्टा ना दोर. ऊन चढेपर्यंत तशीच उभी राहिली आणि मग चरायला गेली. असं रोज चाललं. मॅनेजरला ते बघवेना. तो म्हणाला, "मला माझ्या दारात भुतं नकोत." त्यानं गाडा जाळला. तर गाढवं राखेपुढे येऊन उभी राहू लागली, त्याच जोड्यांनी. शेवटी त्यानं बंदुका वाटल्या. आजोबांनी हात मागे घेतले, दुसऱ्यांनी काम केलं. जी पळाली ती टेकड्यांत गेली.

हे सगळं नंगला भाकरी थापता थापता सांगायची, शेजारणीच्या घरातलं काही सांगावं तसं. आम्हीच घाबरायचो.

पुढे आमची माणसं कुरणावरून निघाली, वस्तीला आली. शाळा आली, दवाखाना आला, दुकान आलं. मी दुकानात कामाला लागले. नंगला दवाखान्याच्या चादरी धुवायची. आणि तिकडे टेकड्यांत गाढवं वाढत गेली. वाढली म्हणजे किती? सगळी टेकडी चालतेय असं वाटावं इतकी. झऱ्यांचे काठ तुडवून चिखल झाला, आमचे पाणवठे घाण झाले, कांगारू दिसेनासे झाले. म्हातारी माणसंही कुरकुरू लागली. नंगला खोटं बोलायची नाही. म्हणायची, "पाणी नासवतात हे खरं आहे. पण त्यांना इथं आणलं कुणी? समुद्र पोहून आली का?"

सरकारी खात्यानं गाढवं संपवायचं ठरवलं, तेव्हा ऑब्रीला त्यात नोकरी मिळाली. ऑब्रीची बायको तिसऱ्यांदा पोटुशी होती आणि वस्तीत दुसरं काम नव्हतं. खात्याचा माणूस कॉलिन. लाल मानेचा, भला होता तसा, मुलांना गोळ्या वाटायचा. त्याला एक गाढवीण जिवंत हवी होती. कुंपणं घातली, मिठाचे दगड ठेवले, काही जमेना. शेवटी ऑब्री आत्याला म्हणाला, "तू हाक मारतेस का? एकच पाहिजे."

"कशाला?"

कॉलिननं एक जाड पट्टा दाखवला. त्याला एक डबी बसवलेली होती, छोट्या चहाच्या डब्याएवढी. "गळ्यात घालायचा," तो म्हणाला. "मग ती कुठे जाते ते आम्हाला कळतं."

"मारणार नाही?"

"तिला? मुळीच नाही, आजी. तिच्या केसालाही धक्का नाही लागणार."

मीही गेले होते बघायला. लाल बोअर म्हणून एक जागा आहे. एक जुनी पवनचक्की, गंजका हौद, आणि चहूकडे लाल माती. नंगला हौदाच्या कडेला बसली आणि तिनं हाक मारली. बराच वेळ काही नाही. मग झुडपांतून एक गाढवीण बाहेर आली. तरुण होती. पाठीवरचा काळा क्रूस ठळक, डावा कान फाटलेला. मिशनच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की मरियेला गाढवानं वाहिलं, येशूला वाहिलं, म्हणून त्याच्या पाठीवर क्रूस उमटला. गाढवीण सरळ नंगलाजवळ आली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. ऑब्रीनं मागून दोर टाकला. पट्टा बसवला, पाना फिरवून बोल्ट आवळले. गाढवीण थरथरली, पण हनुवटी काढली नाही.

काही आठवड्यांनी ऑब्री कामावरून आला तो थेट आमच्या नळाशी गेला. हात धुतले. चहा प्यायला, पुन्हा उठून हात धुतले.

"किती धुशील? कातडं निघेल," नंगला म्हणाली. "काय झालंय?"

त्यानं सांगितलं. गाढवाला एकटं राहवत नाही. पट्ट्याची गाढवीण सोडली की ती आपल्या जातीचा कळप शोधून काढतेच. टेकड्यांच्या ज्या कपारी हेलिकॉप्टरला दिसत नाहीत त्याही तिला सापडतात. मग डबीतून निघणारा रेडिओचा इशारा पकडत हेलिकॉप्टर जातं आणि तिच्याभोवतीची सगळी मारतात. तिला सोडून. ती उरते. पुन्हा एकटी पडते, पुन्हा शोधायला निघते.

"आणि पुन्हा?"

"पुन्हा तेच, आत्या. तेच तर काम आहे."

"तिला नाव काय ठेवलंय तुम्ही?"

ऑब्री पुन्हा नळाकडे उठला. मग म्हणाला, "जुडास. सगळीकडं असंच म्हणतात. जुडास गाढव."

नंगलानं हातातला कप खाली ठेवला. "येशूला धरून देणाऱ्या जुडासला ठाऊक होतं तो काय करतोय ते," ती म्हणाली. "हिला कुणी सांगितलं?"

 त्यानंतर नंगला चादरी धुताना मधेच थांबायची आणि टेकड्यांकडे बघायची. हेलिकॉप्टर यायचं, जायचं. दूरवर काठ्या मोडल्यासारखे आवाज यायचे. आणि मग एके दिवशी गाढवीण वस्तीत आली.

भर सकाळी आली. मी दुकान उघडत होते. ती रस्त्याच्या मधोमध चालत होती, घाई नाही की काही नाही. गळ्यात पट्टा, पुढच्या पायांवर गुडघ्यापर्यंत वाळलेलं रक्त. तिचं नव्हतं ते. वस्तीतली कुत्री, जी सावलीवरही भुंकतात, ती उठून घरांमागे गेली. गाढवीण नंगलाच्या दारापुढे थांबली. ओरडली नाही. गाढव एकटं पडलं की ओरडतं. सगळी टेकडी डोक्यावर घेतं. ही नुसती तोंड उघडायची, मान ताणायची, बरगड्या हलायच्या, आणि आवाज मात्र नाही.

रोझी आपल्या ओट्यावर बसली होती. तिचंही तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी बघितलं. नंगलानं पाण्याची बादली आणली. गाढवीण प्यायली आणि टेकड्यांकडे निघून गेली.

"नंगला," रोझी म्हणाली, "तिला पाणी देऊ नकोस. तिच्यामागं मेलेली चालतात."

"तुला दिसली का?"

"दिसायला कशाला पाहिजेत? कुत्र्यांना विचार."

ती परत परत येऊ लागली. प्रत्येक वेळी हेलिकॉप्टर येऊन गेल्यावर, आणि प्रत्येक वेळी एकटी. लोकांनी मुलांना आत घ्यायला सुरुवात केली. त्याच दिवसांत दवाखान्यात एक म्हातारा गेला, तो तसाही बरेच दिवस आजारी होता. पण गाढवीण आदल्या दिवशी त्याच्या घरावरून गेली होती, एवढं लोकांना पुरलं. कुणी दगड मारले. दगड लागला तरी ती हलायची नाही. मान वळवून दगड मारणाऱ्याकडे बघायची, ओळख पटतेय का ते बघितल्यासारखी. दगड मारणारा पोरगा पुढे कितीतरी दिवस आईच्या अंथरुणात झोपला.

ऑब्री म्हणाला ते मात्र मला सगळ्यात वाईट वाटलं. तो हेलिकॉप्टरमधून बघायचा ना. तो म्हणाला, "आधी ती बाकीच्यांबरोबर पळायची. आता पळत नाही. पंख्याचा आवाज आला की कळपातून बाजूला होते, उघड्यावर येते आणि उभी राहते. संपेपर्यंत. कॉलिन म्हणतो, हुशार आहे. मला वाटतं, आत्या, ती आम्हाला मोजू देते. मी इथं आहे, बाकीची तिथं, असं."

नंगला म्हणाली, "पट्टा काढ तिचा."

"काढला की ती साधं गाढव होईल. पुढच्या फेरीत तिलाही मारतील. पट्टा आहे म्हणून जिवंत आहे ती."

"म्हणजे पट्टा असेल तर बाकीची मरणार, नसेल तर ही."

"हो."

"कुणाच्या डोक्यातून निघालं रे हे?"

ऑब्री मान वळवून आपल्या घराकडे बघू लागला. त्याच्या घरात तान्हं बाळ रडत होतं.

नंगलानं दुसऱ्या दिवशी दवाखान्याला सांगितलं, आता चादरी दुसऱ्या कुणाला द्या. घोंगडी, कुऱ्हाड, चहाचं भांडं, पिठाची पिशवी घेतली आणि लाल बोअरवर राहायला गेली. तिचं म्हणणं साधं होतं. गाढवाला सोबत पाहिजे असते. सोबत मिळाली तर ते दुसऱ्या कुणाला शोधायला जाणार नाही.

"म्हणजे तू गाढव होणार?" रोझीनं विचारलं.

"तू तर मला कधीपासून म्हणतेयस."

थंडीचे दिवस होते. कोरडे, निळे, वाऱ्याचे. गाढवीण आली आणि राहिली. मी सुटीच्या दिवशी ऑब्रीबरोबर साखर, चहा, डबाबंद मांस घेऊन जायची. नंगला राखेत भाकरी भाजायची, कधी घोरपड मिळालेली असायची. गाढवीण तिच्या मागे मागे. ती लाकडं गोळा करायला गेली तरी मागे, झुडपाआड गेली तरी मागे. बसली की तिच्या खांद्यावर हनुवटी. त्या जागेत काहीतरी विचित्र होतं, पण काय ते पटकन कळायचं नाही. मग माझ्या लक्षात आलं. पवनचक्की फिरायची, पण किरकिरायची नाही. पाखरं हौदावर यायची, पाणी प्यायची, पण एकही बोलायचं नाही. माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला आणि मीही कुजबुजत बोलू लागले.

"आत्या, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. ती बघ, तिकडं."

मी बघितलं. समोरच्या टेकडीच्या धारेवर गाढवं उभी होती. भर उन्हात, रांगेनं, सगळी आमच्याकडे तोंड करून. उरलीसुरली सगळी असावीत. शेपूट हलत नव्हतं, कान हलत नव्हता.

"रोज येतात," नंगला म्हणाली. "आता बघ हं." तिनं गाढविणीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे ढकललं. गाढवीण त्यांच्या दिशेनं चार पावलं गेली. वर टेकडीवरची सगळी, एकाच वेळी, चार पावलं मागे गेली. ती थांबली, वरचीही थांबली. ती परत फिरून नंगलाजवळ आली, तशी वरची पुन्हा धारेवर येऊन उभी राहिली.

"त्यांना कळलंय," नंगला म्हणाली. "ती कोण आहे ते. तिलाच नाही कळलेलं."

 मी ऑब्रीकडे पाहिलं तर तो गाडीत जाऊन बसला होता.

खात्याच्या यंत्रावर ठिपका हलेना, म्हणून कॉलिन हेलिकॉप्टर घेऊन आला. मोठा कळप सापडला असं त्याला वाटलं असणार. बघतो तर एक म्हातारी आणि एक गाढवीण. तो खाली उतरला. नंगलानं त्याला चहा दिला.

"आजी, ही सरकारी आहे," तो म्हणाला. "तिला तिचं काम करू द्या."

"मी काय बांधून ठेवलंय तिला? दोर दिसतो का कुठं?"

"तुम्ही आहात म्हणून ती जात नाही."

"मग मलाही पट्टा घाल."

कॉलिन हसला, पण टेकडीकडे नजर गेल्यावर हसू राहिलं नाही. धारेवरची गाढवं हेलिकॉप्टरच्या आवाजानं पळायला हवी होती. ती पळाली होतीच. धार मोकळी होती. पण लाल मातीत त्यांच्या उभं राहण्याच्या जागा इतक्या खोल पडल्या होत्या की इथूनही दिसत होत्या.

त्यांनी गाढविणीला ट्रकात घालून दूरच्या डोंगरांत नेऊन सोडलं. ती परत आली. पुन्हा नेलं, पुन्हा आली, खूर फुटलेले, तोंडाला फेस. कुठल्याच कळपानं तिला जवळ केलं नाही. तेव्हा कॉलिन ऑब्रीला म्हणाला, "ही निकामी झाली. दुसरी पकडू. हिला पुढच्या फेरीत, ठिपका बघून, वरूनच संपवतो. तू जमिनीवरून मदत कर."

ऑब्री त्याच संध्याकाळी लाल बोअरवर आला. मी तिथं होते. सूर्य मावळायचा होता. त्यानं सगळं सांगितलं. खिशातून पाना काढला आणि हातात धरून बसला, देऊ की नको अशा तऱ्हेनं.

"तुझी नोकरी?" नंगलानं विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे? तीन पोरं आहेत तुला."

"आत्या, मी घरी जातो, पोरगी गळ्यात पडते, आणि मी तिच्या मानेला हात लावून बघतो काही बांधलेलं तर नाही ना. रोज." त्यानं गाढविणीचा पट्टा धरला. "बघू म्हणजे बघू."

त्यानं बोल्ट सोडवले. पट्टा निघाला. खालची कातडी उघडी पडली होती, केस गेलेले, गुलाबी, एखाद्या नव्या जन्मलेल्या जनावरासारखी. नंगलानं तिथं चरबी लावली. मग पट्टा उचलला, तोलून बघितला आणि आपल्या गळ्यात अडकवला. ऑब्री उठून उभा राहिला.

"हे काय करतेस?"

"ठिपका हलायला पाहिजे ना? ती इथं आणि ठिपकाही इथं, तर ते इथंच येतील."

"आत्या, ते वरून गोळ्या घालतात!"

"डोळे असतील त्यांना. त्या दिवशी हाक मी मारली होती, ऑब्री. ती माझ्या हाकेला आली. जुडास कोण आहे ते मला माहीत आहे."

आम्ही तिला अडवलं नाही असं नाही. मी रडले, भांडले. तिनं ऐकलं नाही. पहाटे उजाडताच ती पाण्याची पिशवी खांद्याला लावून वाळवंटाच्या दिशेनं, आपल्या आईच्या गावाकडे चालू लागली. निघताना गाढवीण मागे येऊ लागली. तेव्हा नंगलानं तिला दगड मारला. आयुष्यात पहिल्यांदा आणि नेम धरून. गाढवीण थांबली. नंगलानं मागे वळून पाहिलं नाही.

ती दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. ऑब्री त्यात होता, त्यानं हट्टानं जागा घेतली होती. कॉलिनला त्यानं उडण्याआधी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला खालीच ठेवून ते थेट लाल बोअरवर गाढविणीला मारायला गेले असते. वर गेल्यावर मात्र तो ओरडून सांगत होता, पण पंख्याच्या आवाजात कॉलिनला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. बंदूक बाहेर होती. खाली काटेरी गवताचं मैदान, आणि त्यात काहीतरी करडं, वाकलेलं चाललं होतं. नंगलाची करडी घोंगडी डोक्यावरून घेतलेली.

ऑब्रीनं बंदुकीच्या नळीवर हात मारला. बार हवेत गेला.

नंगला मला नंतर म्हणाली, "आवाज आधी पायात येतो. मग पोटात. पळावंसं वाटतं, पण कुठं? सगळी जमीन सपाट. मग वाटतं, उघड्यावर जाऊन उभं राहावं. म्हणजे निदान त्यांना दिसेन." मग म्हणाली, "मी तेच केलं, नम्पिजिन. मी बाजूला होऊन उभी राहिले. ती करायची तसं. मला कुणी शिकवलं नव्हतं."

हेलिकॉप्टर उतरलं. कॉलिन खाली आला तो धुळीत बसूनच राहिला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. नंगलानं गळ्यातला पट्टा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हे तुझं," म्हणाली. "जड आहे." मग ऑब्रीकडे पाणी मागितलं.

ऑब्रीची नोकरी गेली. आता तो रस्त्यावर मातीचं यंत्र चालवतो. कॉलिनबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यानं वर काय कळवलं ठाऊक नाही, पण लाल बोअरच्या टेकड्यांत त्या वर्षी पुन्हा फेरी झाली नाही. खात्यानं दूर दुसऱ्या भागात दुसऱ्या गाढविणीला पट्टा घातला. ते काम चालूच आहे.

नंगला परत आली ती खोकला घेऊन. पुन्हा लाल बोअरवर राहिली नाही. ऑब्री मात्र मधे मधे तिकडे बघून यायचा. त्यानं सांगितलं की पहिले काही आठवडे गाढवीण हौदापाशी एकटीच होती आणि धारेवरची तिच्याकडे बघत उभी असायची. मग एकदा बघितलं तर ती टेकडीच्या निम्म्यावर होती. ती पुढे गेली, आणि वरची मागे सरली नाहीत. नंतर हौदापाशी कुणीच दिसेना.

"ओरडली का?" नंगलानं विचारलं.

"नाही. तिकडची आता कुणीच ओरडत नाहीत, आत्या. कळप चरत असतो आणि नुसता गवताचा आवाज येतो. मी गाडी बंद करून ऐकलं. मग मला थांबवेना."

पुढच्या पावसाळ्यात नंगला गेली. आम्ही तिच्या घराला पानांचा धूर दिला, तिच्या वस्तू जाळल्या, आणि वस्तीबाहेर सुतकाला बसलो. लांबलांबची माणसं आली. सगळ्यांचं लक्ष टेकड्यांच्या रस्त्याकडे होतं, हे मला कळत होतं. फाटक्या कानाची येईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. कुत्र्यांनी जरा कान टवकारले की माना वळायच्या. एकदा दुपारी झुडपांत काहीतरी हललं तेव्हा बायकांचं रडणंच थांबलं. वारा होता. खुळखुळ्याच्या शेंगा वाजत होत्या.

ती आली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

"बरं झालं," रोझी शेवटी म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "माणसांकडं यायचं नसतं, हे शिकली एकदाची." आणि तिनं विस्तवावर आणखी ओली पानं टाकली.